डब्यावरचं वय बघून खेळणं घेऊ नका
विशेष मुलांच्या खेळण्यांवरच्या लेखात थेरपीसाठी लाइट-म्युझिकवाली खेळणी घ्या म्हटलंय, पण सगळ्याच पोरांना ती झेपत नाहीत ओ. मी सांगलीची, मुलगा 6 वर्षांचा, ऑटिझम आहे, तसली गाडी आणली तर कानावर हात ठेवून रडायचा. मग ओटीच्या (ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं स्वतः जमावीत म्हणून सराव करून घेतात ती) मॅडम म्हणल्या आधी चिमटीत जोर येऊ दे, म्हणून कपड्याचे चिमटे डब्याच्या काठाला लावायला दिले, भाकरीचं पीठ मळायला दिलं, गणपती पेठेतनं मोठे लाकडी मणी आणले ओवायला, आता शर्टाचं बटण स्वतः लावतोय!! डब्यावरचं वय नका बघू, मूल आत्ता काय करू शकतंय ते बघा. आणि तोंडात घालायची सवय असेल तर बारके मणी, बटण सेलची (बटणासारखी चपटी गोल बॅटरी) खेळणी घरातच नकोत, सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते.