टेबलावरचा कुंभकर्ण

वीज वाचवायचं खूळ माझ्या डोक्यात शिरलं ते एका रात्री साडेअकराला. डेस्कटॉप कॉम्प्युटर नुसता चालू ठेवला, काही काम न करता, तरी ५० वॅटच्या आसपास वीज सहज ओढतो. रात्रीचे ८ तास धरले तर ०.४ युनिट. हा हिशेब मी घरात मोठ्यांदा जाहीर केला. "मग बंद करून झोपा की," एवढंच उत्तर आलं. पण इतकं सरळ वागायचं तर सेटिंग्ज असतात कशाला?

सेटिंग्ज उघडली. पडदा कधी काळा करायचा, हार्ड डिस्क कधी थांबवायची, कॉम्प्युटर कधी झोपवायचा. झोपेतही पुन्हा दोन प्रकार. 'स्लीप' म्हणजे डुलकी: चाललेलं काम रॅममध्ये, म्हणजे वीज असेपर्यंतच टिकणाऱ्या तात्पुरत्या स्मृतीत, तसंच, आणि ते टिकवण्यापुरती दोन-चार वॅट वीज सुरू. 'हायबरनेट' म्हणजे सगळं डिस्कवर लिहून ठेवून गाढ झोप. मग वीज गेली तरी बेहत्तर. मी डुलकी निवडली, सगळीकडे '५ मिनिटं' ठोकून दिलं आणि कृतकृत्य होऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी कळलं की या यंत्राच्या लेखी माणूस म्हणजे हलणारा माऊस. आपण वाचतोय, पत्रात 'कृपया' घालावं की 'कृपा करून' यावर खल करतोय, तर पाचव्या मिनिटाला अंधार. मी विचार करतोय की नुसताच बसलोय हे घरातल्यांनाही ओळखता येत नाही, ते सोडा. पण यंत्रानंही? शेवटी गोष्ट ऐकताना पोरं हुंकार देतात तसा मी दर दोन वाक्यांनी माऊस हलवायला लागलो. एक मोठी फाइल डाउनलोडला लावून जेवायला गेलो, परत येऊन पाहतो तर कुंभकर्ण घोरतोय आणि फाइल १२ टक्क्यांवर.

"स्क्रीनसेव्हर लावा ना, बाबा," मुलगी म्हणाली. तो वाचवतो पडद्याला, विजेला नाही. जुन्या जाडजूड सीआरटी मॉनिटरवर एकच चित्र तासन्‌तास राहिलं की फॉस्फरवर, म्हणजे काचेच्या आतल्या चमकणाऱ्या थरावर, त्याचा कायमचा डाग पडायचा, त्यावरचा तो उपाय. पडद्यावर मासे पोहत ठेवायलाही वीज लागतेच.

आणि रात्र? रात्री तीनला खोलीत निळसर उजेड. साहेब आपणहून उठून, पंखा घरघरवत बसलेले. कोणी उठवलं हे विचारायची सोय असते. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या चौकटीत 'पॉवरसीएफजी लास्टवेक' टाइप केलं. उत्तर आलं: माऊस. टेबलाला जरासा धक्का बसला तरी त्याला हलल्यासारखं वाटतं. आणि दहा मिनिटांपूर्वी अंधारात पाणी प्यायला जाताना टेबलाला गुडघा माझाच लागला होता.

मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन 'या उपकरणाला कॉम्प्युटर जागा करू द्या' ही माऊसपुढची खूण काढली. हात लागलाच होता म्हणून कीबोर्डपुढचीही. रात्र शांत गेली. सकाळी माऊस हलवला. ढिम्म. स्पेसबार हाणला, एंटर बडवला. ढोल-ताशे तेवढे आणायचे राहिले. उरलं पॉवरचं बटण. ते हलकेच दाबून सोडायचं असतं. मी रागाच्या भरात दाबूनच धरलं, आणि चार-पाच सेकंद धरलं की तो हुकूम 'ऊठ' असा नसून 'मर' असा असतो. रॅममधलं पत्र, अखेर ठरलेल्या 'कृपया'सकट, गेलं.

आता पडदा १० मिनिटांनी, झोप 'कधीच नाही', आणि रात्री हातानं बंद. काल तसाच बंद करायला गेलो तर पडद्यावर: 'अपडेट चालू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका.' ७ टक्के. वाट बघत खुर्चीत टेकलो आणि पाचव्या मिनिटाला मीच स्लीपवर गेलो. सकाळी बायकोनं खांदा हलवून उठवलं. माझ्यापुढची ती खूण अजून कोणी काढलेली नाही.