‘आईला नऊ दिवस कोंडून ठेवलं’ या अभिप्रायाला माझं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय मी परवा रात्री वाचला आणि काल दिवसभरात आणखी तीनदा. हे उत्तर आमच्या वृद्ध निवासाच्या मॅनेजरकडे न सोपवता मी स्वतः लिहिते आहे, कारण त्या नऊ दिवसांतले बहुतेक निर्णय माझे होते.

इतर वाचणाऱ्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. दोन-चार जणांना उलट्या झाल्या तर आम्ही सगळं निवासच बंद केलं. तुमच्या आईंना खोलीतून बाहेर पडू दिलं नाही. त्यांची काळजी घेणाऱ्या नेहमीच्या मावशी बदलल्या. भिंतींवरच्या सॅनिटायझरच्या बाटल्यासुद्धा काढून टाकल्या, म्हणजे स्वच्छतेची काय ही तऱ्हा. आणि यातलं काहीही तुम्हाला कळवलं नाही. शनिवारी चार तासांचा प्रवास करून तुम्ही आलात, तेव्हा दारावरच्या माणसाकडून तुम्हाला हे समजलं. आई खिडकीच्या काचेपलीकडून हात हलवत होत्या आणि तुम्ही अंगणात उभ्या होतात.

न कळवल्याबद्दल मी तुमची माफी मागते. मंगळवारी दुपारी आम्ही दार बंद केलं आणि नातेवाइकांना निरोप गेला तो शनिवारी रात्री. मधले चार दिवस तुम्ही अंधारात होतात. प्रयोगशाळेचा अहवाल आला की सगळ्यांना एकदमच नीट सांगू, असं मी ठरवलं होतं. ते चुकलं. नातेवाइकांचे नंबर एकाच वहीत होते, ती वही ज्यांच्याकडे असते त्या मॅनेजर बुधवारी स्वतः आजारी पडल्या, आणि ऑफिसातला फोन वाजत राहिला. तुम्ही सहा वेळा केलेला फोन त्यातलाच. हे कारण सांगते आहे, सबब म्हणून नाही. साथ आली की माणसं आजारी पडणार, त्यात आपलीही माणसं असणार, हे आधीच धरून चालायला हवं होतं.

निवास बंद केल्याबद्दल मात्र माफी मागत नाही. का, ते जरा सविस्तर सांगते.

तो आजार ‘साध्या उलट्या-जुलाब’ नव्हता. नोरोव्हायरस नावाच्या विषाणूमुळे झालेला होता. तरुण माणूस त्यातून एक ते तीन दिवसांत उठून कामाला लागतो. ऐंशीच्या घरातल्या माणसाचं तसं नसतं. अंगातलं पाणी झपाट्याने कमी होतं, रक्तदाबाच्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर मूत्रपिंडांवर ताण येतो, आणि रात्री तिसऱ्यांदा संडासकडे धावताना तोल गेला तर खुब्याचं हाड मोडतं. म्हातारपणी तहान लागल्याचं कळतही नाही, त्यामुळे ‘पाणी हवं का’ या प्रश्नाला उत्तर ‘नको’ असंच येतं. त्या आठवड्यात आमच्या मावशी विचारत नव्हत्या, दर पंधरा मिनिटांनी चमच्याने पाणी पाजत होत्या.

हा विषाणू पसरतो कसा, ते आमच्याच घरात मी पाहिलं. सोमवारी संध्याकाळी जेवणघरात एका आजोबांना टेबलावरच उलटी झाली. मावशींनी तत्परतेने नेहमीचा मॉप आणि बादली आणली, फरशी लख्ख पुसली, आणि तोच मॉप घेऊन पुढे व्हरांडा पुसला, मग पलीकडच्या विंगेतला पॅसेज. त्यांनी कामचुकारपणा केला नाही, उलट जास्तच काम केलं. पण अवघे १८ विषाणूकण पोटात गेले तरी माणूस आजारी पडू शकतो असा अंदाज आहे, आणि उलटीच्या तुषारांमधून ते भोवतालच्या टेबलांवर, खुर्च्यांच्या पाठींवर जातात. लागण झाल्यावर १२ ते ४८ तासांत त्रास सुरू होतो. मंगळवारी सकाळी आणखी दोघं आजारी पडली, त्यातल्या एक आजी त्या पलीकडच्या विंगेतल्या. त्यांना आदल्या संध्याकाळी नक्की कुठून लागण झाली हे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण तो मॉप माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

आता ते काम असं होतं: हातमोजे, मास्क, अंगावर प्लॅस्टिकचा एप्रन. आधी उलटीवर कागदी टॉवेल अंथरायचे, उचलून पिशवीत बंद करायचे. मग ब्लीचचं पाणी कडेकडून मध्यभागाकडे ओतायचं आणि दहा मिनिटं हात लावायचा नाही. पाच टक्क्यांचं ब्लीच असेल तर एक भाग ब्लीचला एकोणपन्नास भाग पाणी, म्हणजे क्लोरीन दर दहा लाख भागांत १००० भाग होतं. जिथे जास्त घाण असेल तिथे आणखी तीव्र. द्रावण रोज ताजं करायचं, कालचं वापरायचं नाही. प्रत्येक विंगेचा मॉप वेगळ्या रंगाचा. हे सगळं लिहून साफसफाईच्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलं आहे, कारण रात्री दोन वाजता फाइल उघडायला कुणी ऑफिसात जात नाही.

सॅनिटायझरच्या बाटल्यांबद्दल तुमचा राग मला समजतो. करोनाच्या काळात आपण सगळे त्या बाटलीवर विसंबायला शिकलो, आणि फ्लू किंवा करोनासाठी ती योग्यच आहे. पण नोरोव्हायरसवर अल्कोहोल फारसं चालत नाही. क्लॉस्ट्रिडियम डिफिसील नावाच्या जिवाणूमुळे होणाऱ्या जुलाबातही नाही, कारण त्याचे बीजाणू, म्हणजे कडक कवचातलं त्याचं सुप्त रूप, अल्कोहोलला दाद देत नाहीत. तिथे साबण आणि वाहतं पाणीच लागतं, वीस सेकंद नीट चोळून. बाटली समोर दिसली की घाईतली माणसं तीच वापरतात आणि बेसिनकडे जात नाहीत, म्हणून त्या नऊ दिवसांपुरत्या बाटल्या काढल्या होत्या. त्या जागी हे कारण सांगणारा एक कागद लावायला हवा होता. लावला नाही.

आईंच्या नेहमीच्या मावशी बदलल्या, ही तुमची तक्रार मला सर्वांत जास्त लागली, कारण त्याची किंमत आजी-आजोबांनी मोजली. साथ सुरू झाली की मावशी आणि सिस्टर वाटून द्याव्या लागतात. आजारी माणसांकडे ज्या जातात त्यांनी त्या पाळीत बरे असलेल्यांकडे जायचं नाही. हे टाळता येत नाही. पण ज्यांना विसर पडण्याचा आजार आहे त्यांच्यासाठी अनोळखी चेहरा, तोही मास्कमागचा, म्हणजे घरात कुणी परका शिरल्यासारखं. त्या आठवड्यात एका आजींनी दोन दिवस कुणाला अंगाला हात लावू दिला नाही. शेवटी एका मावशीने स्वतःचा हसरा फोटो मोठा छापून एप्रनवर छातीशी लावला आणि आत जाताना रोज तेच एक भजन गुणगुणायला लागली. तिसऱ्या दिवशी आजींनी हात पुढे केला. आता सगळ्यांचे असे फोटो छापून ठेवले आहेत.

एक गोष्ट तुमच्या अभिप्रायात नाही, कारण ती तुम्हाला माहीत असण्याचं कारण नाही. पण दडवून ठेवणं मला बरं वाटत नाही. आमच्याकडच्या एका कर्मचाऱ्याला शनिवारी रात्री घरी उलट्या झाल्या होत्या आणि सोमवारी ती व्यक्ती कामावर आली. बरं वाटत होतं म्हणून आली, आणि खाडा झाला की पगार कापला जायचा म्हणून आली. नियम सांगतो की त्रास थांबल्यावर किमान ४८ तास कामावर यायचं नाही. तो नियम आमच्या भिंतीवर होता. पण न आलेल्या दिवसाचा पगार न देणारी मीच होते, मग त्या कागदाला अर्थ काय राहिला? दोष त्या व्यक्तीचा नाही, माझा आहे.

आणि हे मला ठाऊक नव्हतं असंही नाही. २०२०च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, सिअॅटलजवळच्या एका वृद्ध निवासात करोना पसरला. तपासात जी कारणं पुढे आली त्यांत लक्षणं असूनही कामावर येणारे कर्मचारी होते, एकापेक्षा जास्त ठिकाणी काम करणारे कर्मचारी होते. त्याच भागातल्या दुसऱ्या एका निवासात तिथल्या रहिवाशांची तपासणी केली, तेव्हा लागण झालेल्या ४८ जणांपैकी २७ जणांना तपासणीच्या वेळी कुठलंच लक्षण नव्हतं. हे मी त्याच वर्षी वाचलं होतं. मास्क घेतले, किट घेतले, खोल्या वेगळ्या केल्या. पगारी आजारपणाची रजा तेवढी पुढे ढकलत राहिले. या महिन्यापासून ती सुरू झाली आहे, आणि जे दुसरीकडेही पाळी करतात त्यांनी तिथे साथ असल्यास आम्हाला सांगितलं तर त्या दिवसांचा पगार कापला जाणार नाही.

पुढच्या वेळी काय वेगळं होईल, हे तुम्ही विचारलं आहे. पहिलं म्हणजे आम्ही अहवालाची वाट पाहणार नाही. एका दिवसात दोघांना उलट्या-जुलाब झाले की साथ समजून काम सुरू. फ्लूसाठी ७२ तासांत दोन आजारी आणि त्यातल्या एकाची तपासणी पॉझिटिव्ह, ही खूण धरली आहे, म्हणजे डॉक्टरांना इतरांसाठी प्रतिबंधक औषध लगेच ठरवता येतं. तापाचा आकडासुद्धा बदलला. म्हाताऱ्या शरीरात ताप चढतोच असं नाही. ३७.८ अंश सेल्सिअस हा ताप आहेच, पण एरवीच्या तापमानापेक्षा १.१ अंश वाढ झाली तरी आता नोंद होते, आणि त्यासाठी प्रत्येकाचं बरं असतानाचं तापमान आधी लिहून ठेवलं आहे. त्याहून मोठी खूण मावशींच्या नजरेत असते: आज जेवण अर्ध्यावर सोडलं, आज आपलंच नाव विसरले, आज उगीच पडले. अशी गोष्ट सकाळच्या पाळीने संध्याकाळच्या पाळीला तोंडी नाही, वहीत लिहून द्यायची. फ्लूची लस आजी-आजोबांबरोबर आम्हीही दरवर्षी घेतो.

निरोपाचं काम मी मॅनेजरकडून काढून दोन माणसांकडे दिलं आहे. त्यातलं एक माणूस निवासाबाहेर राहतं, म्हणजे आत सगळे आजारी पडले तरी फोन होतील. दार बंद केल्यापासून दोन तासांच्या आत प्रत्येक घरी निरोप, आणि मग रोज संध्याकाळी एक, सांगण्यासारखं नवीन काही नसलं तरी.

राहिली तुमची सगळ्यात मोठी तक्रार, भेटीची. दार नऊ दिवस बंद होतं, कारण शेवटच्या आजोबांचा त्रास पुढच्या सोमवारी सकाळी थांबला आणि त्यानंतरचे ७२ तास आम्ही मोजले. ते दिवस कमी करता आले नसते. पण सगळ्या भेटी बंद करायची गरज नव्हती, हे आता मान्य करते. एकटेपणाने म्हातारी माणसं खंगतात, जेवत नाहीत, गोंधळतात. करोनाच्या काळात हे जगभर दिसलं. म्हणून आता प्रत्येक आजी-आजोबांसाठी घरच्या एका माणसाचं नाव ठरवून घेतो आहोत. त्या माणसाला हात धुणं, एप्रन चढवणं-उतरवणं आमच्या सिस्टर आधीच शिकवतील, आणि साथीतही त्याला आत येता येईल, थेट त्या खोलीत आणि तिथून थेट बाहेर. खोलीत आजार असला तरी, धोका समजावून सांगून, त्याची तयारी असेल तर.

तुमच्या आईंच्या तब्येतीबद्दल इथे मी एक शब्दही लिहिलेला नाही आणि लिहिणार नाही, तो त्यांचा खासगी विषय आहे. त्या दिवसांची त्यांची रोजची नोंद काढून ठेवली आहे. त्यांची संमती घेतली आहे, तुम्ही आलात की दोघींबरोबर बसून ती वाचू.

त्यांच्या फॉर्मवर भेटीच्या माणसाची जागा अजून कोरी आहे. मी त्यांना विचारलं, तर म्हणाल्या, ‘तिला विचारा, तिला जमेल का.’ रोज दुपारी तीन ते पाच मी ऑफिसात असते, आणि फोन आता मीच उचलते.