आतला शेक घेतलेल्या बाईजवळ नातवंडं का जाऊ नयेत?

"गर्भाशयाच्या कॅन्सरमध्ये बाईच्या आत किरणांची गोळी ठेवतात. सहा महिने लेकरं जवळ जाऊ देऊ नका, ताटवाटी वेगळी करा. बाहेरून शेक झाला की आतल्याची गरजच नसते, ते नुसतं बिल वाढवायचं काम."

हा मेसेज शिरपूर, चोपडा करत आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरून अमळनेरला मावशीकडे पोचला. तिला गर्भाशयमुखाचा कॅन्सर आहे. बाहेरचा शेक, म्हणजे यंत्रातून अंगावर किरण सोडणं, संपत आलाय; आतला, म्हणजे नळीतून गाठीपाशी किरण देणं, सुरू व्हायचाय. आता ती म्हणते, "नातीला जवळ घेता येणार नसेल तर मला नकोच ते." मेसेज पुढे ढकलणाऱ्या प्रत्येकाने हे वाचावं.

आधी बिलाचं, कारण जीव घेणारं वाक्य तेच आहे. बाहेरच्या यंत्रातून ओटीपोटाला साधारण 45 ते 50 ग्रे (किरणांचा डोस मोजायचं माप) डोस देतात. गाठ पुरती मारायला एकूण 80 ग्रेच्या वर लागतो. मग उरलेला बाहेरूनच का देत नाहीत? कारण पुढे लघवीची पिशवी, मागे गुदाशय. त्यांना तेवढा सोसत नाही. म्हणून किरण सोडणाऱ्या इरिडियम-192 किंवा कोबाल्ट-60 या धातूचा बारीकसा तुकडा नळीतून थेट गाठीपाशी नेतात. अंतर दुप्पट झालं की किरणांचा जोर चौथाईवर येतो, त्यामुळे गाठीला भरपूर मिळतं आणि शेजारी कमी. अमेरिकेतल्या सात हजारांवर रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. सारख्या स्थितीतल्या बायकांची तुलना केली, तेव्हा आतला शेक मिळालेल्यांपैकी सुमारे 58 टक्के चार वर्षांनी हयात होत्या. न मिळालेल्यांपैकी 46. हे असलं 'बिल' वाचवायचंय का कुणाला? आणि सगळे उपचार मिळून साधारण 8 आठवड्यांत संपवायचे असतात, तेव्हा "बघू दिवाळीनंतर" हेही चालत नाही. पैशाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचार बसतात, तिथे चौकशी करा.

"गोळी आत ठेवतात" हे या उपचारात साफ खोटं. आता बहुतेक ठिकाणी तो तुकडा तारेच्या टोकाला असतो, काही मिनिटं आत थांबतो आणि यंत्रात परत जातो. नंतर नळ्याही काढतात. खोलीतून बाहेर आलेल्या बाईच्या अंगात किरणांचा काहीही अंश उरत नाही. मावशीने नातीला मांडीवर घ्यावं, एका ताटात कळण्याची भाकरी खावी.

एवढं मात्र कबूल करतो की ही भीती अगदीच हवेतून आलेली नाही. थायरॉइडच्या कॅन्सरला किरण सोडणारं आयोडीन-131 पोटातून देतात, तेव्हा काही दिवस खरंच वेगळं राहावं लागतं. प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये कधी कधी किरण सोडणारे दाणे कायमचे आत बसवतात, तिथेही गरोदर बाया आणि लहान मुलांबाबत काही काळ जपायला सांगतात. तिथली पथ्यं उचलून मावशीच्या माथी मारायचं कारण काय?

आतला शेक "फार दुखतो" असंही लोक म्हणतात. नळ्या बसवताना भूल किंवा गुंगी देतात.

खरं जे सांगायला हवं होतं, ते मेसेजमध्ये नाहीच. शेकानंतर लघवीला जळजळ होऊ शकते, काहींना पुढे शौचावाटे रक्त जातं, योनीमार्ग कोरडा पडून आकसतो. आकसू नये म्हणून डॉक्टर डायलेटर (योनीमार्ग मोकळा ठेवायला आत घालायची गुळगुळीत नळी) वापरायला शिकवतात. आपल्याकडच्या बाया हे लाजून विचारत नाहीत, म्हणून लेकीने किंवा सुनेने तपासणीला सोबत जावं आणि त्यांनी विचारावं.