खमका साहेब आणून प्रसार भारती सुधारणार नाही

एक मजकूर हल्ली वरचेवर पुढे पाठवला जातो. त्याचा सारांश असा: प्रसार भारती या संस्थेकडची दूरदर्शन-आकाशवाणी आता कोणी बघत-ऐकत नाही, स्वायत्तता देऊन झाली तरी तिथली माणसं कामचुकारच राहिली, तेव्हा खासगी कंपनीतला एखादा खमका साहेब वर बसवा, नाहीतर विकून मोकळे व्हा. वाचणारा मान डोलावतो, कारण राग खराच आहे. पण बोट भलतीकडेच ठेवलं आहे.

‘कोणी बघत नाही’ हे आधी. डीडी फ्री डिश ही दूरदर्शनची छत्रीवरून वाहिन्या दाखवणारी सेवा 4 कोटींहून अधिक घरांत आहे आणि त्याला महिन्याचं भाडं नाही. त्यावर जागा मिळावी म्हणून खासगी वाहिन्या लिलावात बोली लावतात. प्रेक्षकच नसता तर कोण कशाला पैसे मोजेल? दूरदर्शनच्या स्वतःच्या कार्यक्रमांचा प्रेक्षक ओसरला, हे मात्र मान्य.

खरी गफलत ‘स्वायत्तता दिली’ या शब्दांत आहे. प्रसार भारतीचा कायदा 1990 मध्ये मंजूर झाला आणि अमलात यायला 1997 उजाडलं. मधे, 1995 मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने प्रसारणाच्या रेडिओलहरी ही जनतेची मालमत्ता आहे असं स्वच्छ सांगितलं; तो मुख्य निकाल न्या. पी. बी. सावंत यांनी लिहिला होता. या कायद्याच्या कलम 13 मध्ये 22 खासदारांची देखरेख समिती आहे, लोकसभेचे 15 आणि राज्यसभेचे 7. कलम 14 मध्ये तक्रारी ऐकणारी प्रसारण परिषद आहे. दोन्ही कागदावरच राहिल्या. याचे परिणाम काय होतात ते 2017 मध्ये दिसलं. त्रिपुराचे तेव्हाचे मुख्यमंत्री माणिक सरकार यांचं स्वातंत्र्यदिनाचं भाषण बदल केल्याशिवाय प्रसारित करणार नाही, असं त्यांना दूरदर्शन-आकाशवाणीकडून कळवण्यात आलं. ते बरोबर की चूक हे ठरवायला जी परिषद हवी होती, ती अस्तित्वातच नव्हती.

माणसांचंही तेच. कायद्यातल्या नंतरच्या दुरुस्तीनुसार 5 ऑक्टोबर 2007 पूर्वी लागलेले कर्मचारी प्रतिनियुक्तीवरचे सरकारी नोकर मानले जातात. वृत्त विभागात भारतीय माहिती सेवेचे अधिकारी येतात, त्यांच्या बदलीचा कागद केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयातून निघतो. ज्याच्या हातात बदली, त्याच्याकडे बघूनच माणूस बातमी लावतो. यालाच आपण ‘सरकारी वृत्ती’ म्हणतो आणि दोष स्वभावाला देतो.

पुण्याचं उदाहरण तर आपल्या डोळ्यांसमोरचं. सकाळी सात वाजून पाच मिनिटांचं बातमीपत्र ही महाराष्ट्रातल्या कित्येक घरांतली घड्याळाची खूण. जून 2023 मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्त विभाग बंद करून ते छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा निर्णय झाला. श्रोते, पत्रकार, नेते सगळे ओरडले आणि स्थगिती आली. बातमीपत्र टिकलं याचा मला आनंदच झाला. पण स्थगिती कुणी दिली? माहिती व प्रसारण मंत्र्यांनी. स्वायत्त म्हणवणाऱ्या संस्थेत पुण्याच्या बातम्या कुठून वाचायच्या, हे मंत्र्यांच्या शब्दावर ठरत असेल, तर वर साहेब कोण बसलाय याने काय फरक पडतो?

आता ‘कामचुकार’. आकाशवाणी केंद्रांवरच्या कितीतरी आवाजांची तिथे नोकरीच नसते. ते नैमित्तिक उद्घोषक. महिन्याला साधारण सहाच ड्यूट्या, पैसे ड्यूटीमागे. पहाटेच्या प्रसारणाला अंधारात यायचं, कार्यक्रमांचा क्रम लिहिलेली क्यू शीट तपासायची, लाल दिवा लागला की प्रसन्न आवाजात नमस्कार करायचा. वर्षानुवर्षं असं करूनही पुढच्या महिन्याच्या तक्त्यात नाव असेल की नाही, याची धाकधूक कायम. या माणसांना सरसकट कामचुकार म्हणणं मला सहन होत नाही. ज्याची पुढची ड्यूटी दुसऱ्याच्या मर्जीवर आहे, तो बैठकीत ‘हे चुकतंय’ असं कसं म्हणेल?

राहिला खासगी थाटाचा उपाय. आयर्लंडच्या आरटीई या सार्वजनिक प्रसारसंस्थेत जाहिरातींचा पैसा होता आणि तारांकित निवेदकही होते. जून 2023 मध्ये उघड झालं की एका निवेदकाला 2017 ते 2022 या काळात जाहीर केलेल्या आकड्यापेक्षा 3 लाख 45 हजार युरो जास्त दिले होते. काही रक्कम तर बार्टर खात्यातून, म्हणजे जाहिरातींच्या बदल्यात होणाऱ्या देवाणघेवाणीच्या खात्यातून, फिरवलेली. पाठोपाठ 22 लाख युरो बुडवणारी एक संगीतिका निघाली, जिला संचालक मंडळाची रीतसर मंजुरीच नव्हती. महासंचालकांनी राजीनामा दिला, अनेकांनी टीव्हीसाठीचं परवाना शुल्क भरणं थांबवलं. तिथे सरकारने कारभार आणि कार्यसंस्कृती तपासायला तज्ज्ञ समिती नेमली, कारण दुखणं एका खुर्चीपुरतं नव्हतं. आणि विकून टाकलं, तर पहाटेच्या शेतीविषयक सल्ल्याला आणि बोलीभाषांतल्या कार्यक्रमांना कोणता मालक वेळ देणार आहे?

कलम 13 ची समिती आणि कलम 14 ची परिषद नेमायला नवा कायदा लागत नाही. तो मजकूर पुढे पाठवण्याआधी आपल्या खासदाराला एक ओळ लिहा: त्या 22 जणांची नावं कधी जाहीर होणार?