दोनदाच पंतप्रधान होता येतं? राज्यघटनेत असं कलमच नाही

निवडणुका जवळ आल्या की लातूर-नांदेडपासून बीड-धाराशिवपर्यंतच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. राष्ट्रपती आणि पंतप्रधान दोनदाच होता येतं, वय पस्तीस ते पंचाहत्तरच्या मधलंच लागतं, लोकसभेवर निवडून आल्याशिवाय पंतप्रधान होता येत नाही आणि तिसरं अपत्य असलं की उमेदवारी बाद. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलंही हे खरं मानतात, हे जास्त काळजीचं आहे.

आधी ‘दोनदाच’चं बघू. राष्ट्रपतीची मुदत पाच वर्षं, हे कलम ५६ सांगतं आणि लगेच पुढचं कलम ५७ म्हणतं की तीच व्यक्ती पुन्हा निवडणुकीला पात्र आहे. किती वेळा, याची मर्यादा त्यात नाही. डॉ. राजेंद्र प्रसाद १९५२ आणि १९५७ असे दोनदा निवडून आले. त्यानंतर कोणी दुसऱ्यांदा निवडून आलं नाही, पण तो पायंडा झाला, नियम नव्हे. दोन वेळांची मर्यादा आहे ती अमेरिकेत. तिथले राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट सलग चार निवडणुका जिंकले, त्यानंतर १९५१ मध्ये तिथल्या घटनेत बाविसावी दुरुस्ती झाली.

पंतप्रधानाला तर ठरावीक मुदतच नाही. कलम ७५ नुसार मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकपणे जबाबदार असतं. बहुमत असेपर्यंत पद, बहुमत गेलं की पद गेलं. पंडित नेहरू १९४७ पासून १९६४ पर्यंत सलग राहिले, तर १९९९ च्या एप्रिलमध्ये वाजपेयींचं सरकार एका मतानं पडलं. आपल्या घटनेनं पंतप्रधानावर लगाम ठेवला तो सभागृहाच्या हातात, कॅलेंडरच्या नाही.

वयाचा दावा अर्धाच खरा आहे. पस्तीसची अट राष्ट्रपती आणि उपराष्ट्रपतीला आहे. पंतप्रधानाला खासदारकीचीच अट लागते: लोकसभेसाठी २५, राज्यसभेसाठी ३०. वरची मर्यादा कुठंच नाही. मोरारजी देसाई १९७७ मध्ये पंतप्रधान झाले तेव्हा ८१ वर्षांचे होते. पंचाहत्तरचा आकडा एखादा पक्ष स्वतःपुरता पाळू शकतो, घटनेत तो नाही.

लोकसभेच्या अटीबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ आहे. इंदिरा गांधी १९६६ मध्ये पंतप्रधान झाल्या तेव्हा राज्यसभेच्या सदस्य होत्या. मनमोहन सिंग दहाही वर्षं राज्यसभेतच होते. शपथ घेताना खासदार असलंच पाहिजे असंही नाही. १९९१ मध्ये नरसिंह राव खासदार नसताना पंतप्रधान झाले आणि मग नंद्यालची पोटनिवडणूक जिंकून लोकसभेत आले. १९९६ मध्ये देवेगौडाही असेच आधी पंतप्रधान झाले, नंतर राज्यसभेवर गेले. मात्र सलग सहा महिन्यांत कुठल्या तरी सभागृहाचं सदस्यत्व मिळालं नाही, तर मंत्रिपद आपोआप संपतं. मग राजीनामा देऊन पुन्हा शपथ घ्यायची आणि आणखी सहा महिने मिळवायचे, ही पळवाट सर्वोच्च न्यायालयानं २००१ मध्ये पंजाबच्या एका मंत्र्याच्या प्रकरणात बंद केली. त्याच वर्षी जयललितांच्या प्रकरणात न्यायालयानं आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: निवडणूक लढवायलाच अपात्र असलेल्याला सहा महिन्यांची ही सवलतसुद्धा मिळत नाही.

तिसऱ्या अपत्याची अट आली ती गावातून. १२ सप्टेंबर २००१ ही तारीख मराठवाड्यात सरपंचकीच्या प्रत्येक इच्छुकाला तोंडपाठ असते, कारण त्यानंतर झालेल्या तिसऱ्या अपत्यामुळे ग्रामपंचायतीचे कितीतरी अर्ज उडाले. पण ती अट राज्याच्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कायद्यांतली आहे. आमदार, खासदार, पंतप्रधान, राष्ट्रपती यांपैकी कोणालाही ती लागू नाही. सरपंचाला घातलेली सातवी पासची अटही तशीच. दिल्लीच्या पदांना शिक्षणाची अट नाही.

दोन वेळांची मर्यादा असावी, असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांची मागणी रास्त चर्चेची आहे. त्यासाठी कलम ३६८ खाली घटनादुरुस्ती लागेल: दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि हजर राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश मतं. काही कलमं बदलायला निम्म्या राज्यांचीही संमती लागते, पण त्या यादीत कलम ५७ किंवा ७५ नाही.