गुडघ्याचे वंगण चालण्याने संपत नाही

साठी ओलांडलेल्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश वरचेवर फिरत असतो. वयानुसार गुडघ्यातील वंगण संपत जाते, जितके चालाल तितकी वाटी झिजते आणि गुडघा कटकट वाजू लागला की हाडावर हाड घासते आहे असे समजावे. म्हणून चालणे व जिने बंद करून डिंकाचे लाडू खावेत, असा त्याचा आशय. तो काळजीपोटी पाठवला जात असला, तरी त्यातील सल्ला अपायकारक आहे.

हे वंगण गाडीतल्या तेलासारखे एकदाच भरलेले नसते. सांध्याचे आतील आवरण ते सतत तयार करत असते. कूर्चेला, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत, लवचिक आवरणाला, स्वतःच्या रक्तवाहिन्या नसल्याने पाऊल टेकताना ती दाबली जाणे आणि उचलताना सैल होणे यातूनच त्या द्रवातील पोषण तिला मिळते. चालणे थांबवले की नेमकी हीच क्रिया मंदावते.

चालण्याने सांधा झिजतोच असे असेल, तर धावणाऱ्यांची अवस्था सर्वांत वाईट असायला हवी. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २०१७ च्या आढाव्यात गुडघ्याच्या किंवा खुब्याच्या झिजेच्या संधिवाताचे प्रमाण हौशी धावणाऱ्यांत ३.५ टक्के, तर न धावणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ टक्के आढळले. स्पर्धेत उतरणाऱ्या धावपटूंत मात्र ते १३.३ टक्के होते, हेही सांगितले पाहिजे.

आवाजाचे म्हणाल, तर दुखणे किंवा सूज नसताना येणारी कटकट बहुधा निरुपद्रवी असते.

सर्वांत मोठी चूक विश्रांतीच्या सल्ल्यात आहे. गुडघ्याला आधार देणारा मांडीचा पुढचा स्नायू न वापरल्याने झपाट्याने दुबळा होतो, मग प्रत्येक पायरीचा भार सांध्यावर अधिक येतो, दुखणे वाढते आणि माणूस आणखी कमी चालतो. उपचारांबाबत मार्गदर्शन करणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना झिजेच्या संधिवातात प्रत्येक रुग्णाला त्याच्या गरजेनुसार व्यायाम सुचवायला सांगतात. सुरुवात अंथरुणावरही करता येते: गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती खाली दाबावी, पाच सेकंद धरावे, सोडावे. ते जमू लागले की हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठण्या-बसण्याचा सराव करावा. व्यायामानंतर थोडे दुखले आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत पूर्ववत झाले, तर घाबरण्याचे कारण नाही.

डिंकाचे लाडू चवीसाठी जरूर खावेत, पण त्यांनी कूर्चा पुन्हा तयार होत नाही आणि तूप-गुळाने वजन मात्र वाढू शकते. जाड व्यक्तीचे वजन एक किलोने घटले, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो.

गुडघा गरम होऊन सुजला, ताप आला, सांधा मध्येच अडकू लागला किंवा पडल्यानंतर पायावर भार घेता येईना, तर मात्र चालणे थांबवून अस्थिरोगतज्ज्ञांना लगेच दाखवावे.