तेजोवलयाला शिंक चालत नाही

बायबलमधल्या प्रसंगाची उत्तम प्रिंट काढून तिच्यावर हाताने सोन्याचा वर्ख लावायचा, हे ऐकायला फार पवित्र काम वाटतं. करायला बसलं की माणूस आधी पंखा बंद करतो, मग खिडकी, मग फोन आणि शेवटी स्वतःचं तोंड. वर्खाची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास. वहीत 25 पानं, प्रत्येक पान साधारण 80 मिलिमीटर चौरस, आणि त्यातल्या एकाही पानाला आपल्याबद्दल आदर नसतो.

पहिला घोळ होतो घाईमुळे. पिगमेंट शाईची प्रिंट हाताला कोरडी लागली तरी चोवीस तास तिच्या वाटेला जायचं नाही. मॅट कागदाचा वरचा थर पाणी पितो. त्यावर थेट ब्रश फिरवला की तो फुगतो, घासला जातो आणि संत पेत्राची दाढी ब्रशला येते. म्हणून आधी हातभर अंतरावरून वॉर्निशचे दोन पातळ फवारे. तेही पूर्ण कागदावर. फक्त डोक्याभोवती मारले तर तेवढाच भाग चकाकतो आणि संताला घाम फुटल्यासारखा दिसतो.

आता संताच्या डोक्याभोवतीचं वलय, जिथे सोनं बसणार. वर्तुळासाठी कंपास घेतला की एक धर्मसंकट उभं राहतं: वलयाचा मध्य नेमका चेहऱ्यावर येतो, म्हणजे सुई थेट नाकात! मी सुईखाली जाड पुठ्ठ्याचा तुकडा ठेवते, तोही कमी चिकट टेपने धरून. टेप ओढून नाही, कागदाला समांतर सरकवत काढायची. नाहीतर नाक वाचतं आणि गाल जातो.

मग साइज. साइज म्हणजे माप नव्हे, वर्ख धरून ठेवणारा गोंद. पाण्याचा साइज लावताना दुधी दिसतो आणि पारदर्शक झाला की तयार होतो. बहुतेक वेळा पंधरा ते तीस मिनिटांत. खात्री करायला बोटाचं पेर हलकेच टेकवून उचलायचं. बारीक ‘टक’ आवाज आला पाहिजे. आधीच वर्ख ठेवला तर सोनं गोंदात बुडतं आणि पितळेच्या जुन्या भांड्यासारखं मंद दिसतं. उशीर केला तर वलयाला भोकं पडतात. तेलाच्या साइजवर चमक जास्त खुलते हे मान्य, पण वॉर्निशमध्ये टाचणीएवढी फट राहिली तरी तेल कागदात उतरून डाग पसरतो. कागदाच्या प्रिंटवर मी तो लावणारच नाही.

वर्ख उचलायचा चपटा ब्रश आधी गालावरून फिरवतात. त्वचेचा किंचित तेलकटपणा केसांना लागला की पान चिकटून येतं. पावडर लावलेल्या गालाचा उपयोग शून्य. पावडर लागते ती चित्राला: जिथे सोनं नको तिथे साइज लावण्याआधी टाल्कम भुरभुरायची. एरवी सोनं वलय सोडून गाढवाच्या कानावर आधी बसतं.

आणि ज्याला खरं सोनं परवडत नाही, त्याने नकली वर्खावर वॉर्निश विसरू नये. तो तांबं आणि जस्ताचा असतो, उघडा राहिला की काळवंडतो. काळ्या वलयाचा देवदूत वेगळ्याच पक्षाचा वाटतो.

बघणारे मात्र सोनं बघत नाहीत, मोजतात. बाळ येशूला भेटायला आलेले ज्ञानी लोक तीनच का? मत्तयाच्या शुभवर्तमानात भेटवस्तू तीन सांगितल्यात, माणसं मोजलीच नाहीत. एदेन बागेत सफरचंद का नाही? बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकात नुसतं फळ म्हटलंय. योहान 21:11 मधलं जाळं रंगवलं, की 153 मासे भरतात का ते बघणारा एकजण निघतोच. खाली पेन्सिलीने 12/50, म्हणजे पन्नास प्रतींतली बारावी, असं लिहिलं, की दुसरा विचारतो, ‘हे अकराव्यासारखं का नाही?’ हाताने केलंय, म्हणून!

प्रकटीकरण 21:21 मध्ये नगराचा रस्ता शुद्ध सोन्याचा, आणि तरी काचेसारखा पारदर्शक आहे. विरोधाभास वाटतो ना? वर्खाचं एक पान उजेडासमोर धरून बघा. सोन्यातून हिरवट निळा प्रकाश आरपार येतो. फक्त बघताना ‘वा!’ म्हणू नका. त्या ‘वा’च्या वाऱ्यानेच ते पान छताला जाऊन चिकटतं.